टाकीच्या पलीकडे

थोरला: ही डिस्क नको. वरच्या फळीवरची दाखव. ती निळी.

धाकटा: दादा, ती तबकडी जोरात फेकणाऱ्यांची आहे.

थोरला: मग मी काय डिस्कनं माश्या मारतो?

धाकटा: तसं नाही रे. हिच्यावरचा पहिला आकडा बघ. बारा. म्हणजे हिला तेवढा वेग द्यावा लागतो. दिला तर सरळ जाते, लांब जाते. नाही दिला तर थोडी जाते, मग डावीकडे वळते आणि आपटते. तिचा दोष नसतो त्यात.

थोरला: मला शिकव आता. तुला डिस्क धरायला कोणी शिकवलं?

धाकटा: तूच.

थोरला: दुकानाची ही पाटी शिडी नसताना खांबावर चढून कोणी लावली?

धाकटा: तूच लावलीस. वाकडी लावलीस.

थोरला: वाकडी असेल, पण एवढ्या वादळात समोरच्याचं छप्पर उडालं आणि तुझी पाटी जागची हलली नाही. माझ्या हातचं काम आहे ते. काढ निळी.

धाकटा: काढतो. पण आधी ऐक. सकाळीच एक पहिलवान आला होता. दंड म्हणजे माझ्या मांडीएवढे. म्हणे, सगळ्यात लांब जाणारी द्या. मी नेहमीसारखं मागच्या मैदानात नेलं, पांढरी डिस्क हातात दिली, म्हटलं टाका. दंडात जोर आहे, पण तो डिस्कपर्यंत पोचतच नाही. मनगटातच अडकतो. त्याला हलकी दिली, कमी वेगाची.

थोरला: चिडला असेल.

धाकटा: तोंड एवढंसं करून गेला. चारेक दिवसांनी हसत येईल. सगळे येतात.

थोरला: पाठ आहे मला तुझं. हात बघून डिस्क द्यायची, तोंड बघून नाही. गावभर सांगत फिरतोस. मग बघ की माझा हात! काल संध्याकाळी माझी लाल डिस्क कुठं गेली माहीत आहे?

धाकटा: टाकीच्या पलीकडे. फोनवर सांगितलंस.

थोरला: फोनवर सांगितलं म्हणून काय झालं, पुन्हा सांगणार. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे! एकदा नाही, टाकेन तेव्हा. खांदा निखळायच्या आधीसुद्धा दर वेळी जात नव्हती रे. आणि एक गंमत सांगू? लाल हातात घेतली की पिसासारखी लागते. आधी कशी, धरली की वजन कळायचं. आता वाटतं, हातात काही आहे की नाही. म्हणजे बघ दंडात काय जोर आलाय.

धाकटा: खांदा दुखतो का?

थोरला: नाही.

धाकटा: टाकताना नाही म्हणत. नंतर. रात्री वगैरे.

थोरला: तू डॉक्टर की दुकानदार? त्या डॉक्टरनंही हेच विचारलं. हात वर करा. केला. दुखतं का? नाही. संपलं. कागदावर सही केली त्यानं.

धाकटा: कसला कागद?

थोरला: कामावर जायचा. तेच सांगायला आलोय. निळी डिस्क हे निमित्त. उद्या सकाळी मी टॉवरवर.

धाकटा: उद्या?

थोरला: टेकडीवरचा टॉवर. वरचा दिवा गेलाय. साहेब म्हणाला, कागद मी ठेवून घेतो, पण मी कागदावर माणूस चढवत नाही. तुझा हात तू ओळखतोस, तू सांग. मी म्हटलं, साहेब, माझं माप मी रुग्णालयातच ठरवलं होतं. ज्या दिवशी लाल डिस्क टाकीच्या पलीकडे जाईल, त्या दिवशी मी तयार. आणि ती गेली.

धाकटा: हे माप तू मला कधी सांगितलं नाहीस.

थोरला: सांगायचं कशाला? न जमणाऱ्या गोष्टीचा डंका पिटायची सवय नाही मला. जमल्यावर सांगतोय.

धाकटा: वहिनीला?

थोरला: तिलाही नाही. आज सांगणार.

धाकटा: आणि वर कोण? तू एकटा?

थोरला: एकटा कसा? बारक्या. साहेबानं दुसरा जोडीदार देऊ केला होता त्याला. बारक्या म्हणाला, दादा येईल तेव्हाच चढेन. तोवर खाली गोदामात बसून नट-बोल्ट निवडत होता. माझ्यासाठी. असा माणूस मिळत नाही.

धाकटा: तू वर आणि तो खाली.

थोरला: नेहमीसारखं. माझ्या हातात त्याचा दोर. तुझं तोंड का असं झालंय? अरे, पट्टा असतो, कडी असते. फक्त कोपरा ओलांडताना कडी सोडून पलीकडं अडकवायची असते, तेवढ्यापुरता हात. तेवढ्यापुरतंच. मागच्या वेळीही तेवढ्यापुरताच होता. बारक्याचा पाय घसरला, माझा खांदा निखळला, पण दोर सोडला का मी?

धाकटा: नाही सोडलास.

थोरला: मग झालं.

वहिनी: भाऊजी, आहात का? खुंटीवर पट्टा नाही ह्यांचा! मी सकाळपासून बघतेय, माणूस गुणगुणतोय, बूट पुसतोय, मला काही... अगं बाई. तुम्ही इथंच.

थोरला: मग कुठं असणार? ये. पट्टा गाडीत आहे. तेल लावलंय त्याला.

वहिनी: कशासाठी?

थोरला: संध्याकाळी सांगणार होतो नीट बसून. बिघडवलंस. उद्या कामावर चाललोय.

वहिनी: कुठल्या कामावर?

थोरला: माझ्याकडे किती कामं आहेत? वरच्या.

वहिनी: कोणी सांगितलं तुमचा हात बरा झाला म्हणून?

थोरला: लाल डिस्कनं. तिच्यापुढं डॉक्टर काय आणि साहेब काय. टाकीच्या पलीकडे जाते ती. विचार ह्याला. हा खोटं बोलत नाही, धंदा बुडाला तरी.

वहिनी: भाऊजी?

धाकटा: दादा, पिशवी आणलीस का तुझी? डिस्कांची?

थोरला: गाडीत आहे.

धाकटा: घेऊन ये जरा.

थोरला: निळी देणार का?

धाकटा: घेऊन तर ये.

(थोरला गाडीकडे जातो. दुकानात दोघेच.)

वहिनी: सांगा त्यांना.

धाकटा: हळू बोला.

वहिनी: हळू बोलून बोलूनच इथवर आलोय आपण. सांगा आत्ताच्या आत्ता.

धाकटा: वहिनी, तुम्हीच म्हणाला होतात. काहीतरी करा म्हणून.

वहिनी: म्हणाले होते. नाही म्हणत नाही मी. माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. ताट ठेवावं तसं उचलावं. एकदाच मैदानात गेले, ती लाल डिस्क टाकली, पायाशी पडल्यासारखी पडली, आणि घरी येऊन पुन्हा भिंत. मी तुमच्या पाया पडायची बाकी होते. म्हटलं, तुम्हाला ह्यातलं कळतं, अशी एखादी द्या की जरा लांब जाईल, जरा बरं वाटेल.

धाकटा: मी साधी हलकी द्यायला गेलो होतो आधी. राखाडी. तुमच्यासमोरच. काय म्हणाला आठवतंय ना? म्हातारीला दे. फेकून दिली अंगावर.

वहिनी: आठवतंय.

धाकटा: म्हणून मग लाल. तीच जात, तोच आकार, सगळ्यात हलकी जी मिळते ती. साध्या प्लॅस्टिकची. नवी असती तर तीही डावीकडे पडली असती, म्हणून मागच्या भिंतीवर आपटून आपटून मऊ केली. रोज दुकान बंद केलं की आपटायचो. मार खाल्ला की डिस्क नरमते, मग थोड्या जोरातही सरळ जाते. खिळा तापवून त्याचं ते त्रिकोणाचं चिन्हही काढलं कडेला. एवढं मन लावून मी आयुष्यात कुठलं काम केलं नाही.

वहिनी: आणि जेवायला लागले हो ते. पहिल्यांदा टाकून आले त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. मी आत जाऊन रडले. मला वाटलं, देव पावला.

धाकटा: मलाही तसंच वाटलं. मला काय माहीत तो हिच्यावर टॉवर मोजतोय.

वहिनी: आता कळलं ना? मग?

धाकटा: पट्टा लपवला तर? साहेबाला मी गुपचूप फोन केला तर?

वहिनी: म्हणजे आणखी एक खोटं. आधीचं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. आणि साहेबाला तुम्ही कळवलंत तर सगळ्या कामगारांत ह्यांचं नाव जाईल की घरच्यांनी मागे खेचला. त्यापेक्षा ते मरण पत्करतील.

धाकटा: आणि खरं सांगितलं तर? पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला तर?

वहिनी: पडू देत. मला तो नवरा चालेल. ताट घेऊन जाईन, उचलून आणीन, जन्मभर करीन. पण उद्या तो कोपरा आला, कडी सुटली आणि हातानं दगा दिला, तर बारक्याच्या बायकोसमोर मी कशी उभी राहू? तिची लेक आत्ता कुठं पाऊल टाकायला लागली. भाऊजी, सगळी सोंगं आणता येतात, ताकदीचं सोंग नाही आणता येत. ते आपण आणलं.

धाकटा: तुम्ही सांगाल?

वहिनी: मी सांगितलं तर म्हणतील, बायको घाबरली. विश्वास नाही बसायचा. तुमच्यावर बसेल.

धाकटा: म्हणूनच तर तोंड उघडत नाही माझं.

थोरला: हं, घे पिशवी. काय कुजबुज चाललीये? चेहरे बघा दोघांचे. मी जातोय टॉवरवर, तुम्ही आत्ताच सुतकात का बसलात?

धाकटा: दादा, मागे चल. मैदानात.

थोरला: नवीन गिऱ्हाईक समजतोस मला? पांढरी डिस्क देणार?

धाकटा: नाही. थांब, हा खण अडकतोय. ही घे. कागद काढ.

थोरला: काय आहे? लाल. छान. पण माझी आहे की. ही बघ पिशवीत.

धाकटा: कडेला बघ.

थोरला: त्रिकोण. माझं चिन्ह कशाला काढलंस हिच्यावर?

धाकटा: हिच्यावरचं तू काढलंस. पिशवीतल्या डिस्कवरचं मी काढलं.

थोरला: काय बोलतोस?

वहिनी: दोन्ही हातांत धरा. एका हातात ही, एका हातात ती.

थोरला: ही जड आहे.

धाकटा: ती तुझी. आधीपासूनची.

थोरला: आणि माझ्या पिशवीतली?

धाकटा: सगळ्यात हलक्या वजनाची. मी बदलली. तू पहिल्यांदा मैदानात जाऊन परत आलास ना, त्याच्यानंतर.

थोरला: चेष्टा करतोयस.

धाकटा: नाही.

थोरला: मला वर जाऊ द्यायचं नाही म्हणून दोघांनी रचलंय हे. आत्ता, मी गाडीपर्यंत गेलो तेवढ्यात. हिनं डोळ्यांतून पाणी काढलं असेल आणि तू विरघळलास.

धाकटा: मग टाकून बघ. मी काही बोलत नाही. टाकी समोर आहे.

थोरला: बघतोच. दार उघड. आणि उभे राहा दोघंही तिकडं, माझ्या डाव्या बाजूला नको.

धाकटा: दादा, एकदम जोर लावू नकोस, खांदा...

थोरला: तोंड बंद ठेव तुझं.

वहिनी: जपून हो.

थोरला: हं! कुठं गेली? ऊन आलं डोळ्यावर. दिसली नाही मला.

वहिनी: बाकाजवळ पडली.

थोरला: कुठल्या बाकाजवळ?

वहिनी: हा काय, अलीकडचा. डावीकडं.

थोरला: आण ती.

धाकटा: मी आणतो. दादा, पण तू...

थोरला: आण म्हटलं ना!

वहिनी: हात का धरलात हो? दुखतंय?

थोरला: नाही. वारा आहे समोरून. जड डिस्क वाऱ्याला बावचळते.

धाकटा: घे. जड डिस्क वाऱ्यात उलट टिकते, दादा. तूच शिकवलंस मला.

थोरला: बाजूला हो. हं! बोला की कोणीतरी.

धाकटा: बाकाच्याही अलीकडे.

थोरला: आता ती दे. तुझी. ती तू बनवलेली.

धाकटा: राहू दे ना.

थोरला: दे. हं! गेली?

धाकटा: गेली.

थोरला: पलीकडे?

धाकटा: टाकीच्या पलीकडे.

थोरला: बरोबर. कशी हवेतून चाललीये बघ. सुंदर. म्हणजे ती जाते. मी जात नव्हतो.

वहिनी: बसा इथं बाकावर. या.

थोरला: हात नको लावूस. कोणाचं डोकं हे?

वहिनी: माझं.

धाकटा: डिस्क मी बनवली.

थोरला: मी विचारलं डोकं कोणाचं.

वहिनी: माझं म्हटलं ना. मी गेले ह्यांच्याकडे. तुम्ही माणसात यावं एवढंच हवं होतं मला. पुढचं नव्हतं दिसत.

थोरला: आणि तू. सगळ्या दुनियेला हात बघून दिलीस. त्या पहिलवानालासुद्धा. अनोळखी माणसाला तोंडावर सांगितलंस की बाबा, तुझ्यात जोर नाही. आणि मला? सख्ख्या भावाला तोंड बघून दिलीस?

धाकटा: हो.

थोरला: का?

धाकटा: पहिलवानाचं तोंड पडलं तर मला झोप लागते. तुझं पडलेलं बघवेना.

थोरला: हसत होता तुम्ही दोघं? मी घरी येऊन सांगायचो, आज अमुक झाडापर्यंत गेली, आज टाकीला लागली. तेव्हा हसायचा?

वहिनी: हसले असते तर बरं होतं. मी मोरीत नळ सोडून उभी राहायचे.

थोरला: पिसासारखी लागते म्हणालो मी. ह्याच्यासमोर, आत्ता. छाती काढून सांगितलं, दंडात जोर आलाय म्हणून. मूर्ख आहे मी. सारं आयुष्य हातानं वजन ओळखून काढलं. नट हातात घेतला की सांगायचो कुठल्या मापाचा. आणि डिस्क हलकी लागली तर मला वाटलं, मीच वाढलो.

धाकटा: तुझा दोष नाही त्यात. पट्टीतून हात बाहेर आला तेव्हा त्याला काहीच कळत नव्हतं.

थोरला: सावरू नकोस. सावरून सावरून इथं आणलंस. मी उद्या वर गेलो असतो रे. हसत हसत गेलो असतो. बारक्याला म्हणालो असतो, ये, मी आहे. आणि तो आला असता. तो विचारतसुद्धा नाही. कडी सोड म्हटलं की सोडतो.

वहिनी: पुढचं नका बोलू.

थोरला: बोलू दे. कोणीतरी बोलायला हवं ते. वरून खाली बघताना माणूस किती बारीक दिसतो, तुम्हाला नाही माहीत. माझा हात सुटला असता आणि मला कळलंसुद्धा नसतं का सुटला ते. मी म्हणालो असतो, काल तर टाकीच्या पलीकडे गेली होती.

धाकटा: चुकलं माझं, दादा. फार चुकलं.

थोरला: चुकलंच. माफ करीन की नाही, आज सांगता येत नाही.

धाकटा: नको सांगूस.

थोरला: फोन दे. माझा गाडीत राहिलाय.

वहिनी: हा घ्या माझा. कोणाला करताय?

थोरला: ...बारक्या? मी बोलतोय. हो, वहिनीच्या फोनवरून. अरे हो, पट्टा तयार आहे. तेल लावलंय. ऐक. ऐक आधी. उद्या मी येत नाही. ...नाही, साहेब काही नाही म्हणाला. मीच. हात तयार नाही. ...हो, काल म्हणालो होतो. काल चुकलो. ...वाट बघू नकोस आता. दुसरा जोडीदार घे. ...अरे, मी सांगतोय ना घे. तो लांबोड्या आहे ना, तो चांगला आहे. बोलतो जास्त, पण हात पक्का आहे त्याचा. त्याला सांग, कोपऱ्यावर कडी लावली की ओढून बघायची, नुसती बघायची नाही. माझं नाव सांग. ...बारक्या, रडतोस काय बायकांसारखा? ...बरं बरं. ...पोरगी काय करते? ...चालते? कशाला धरून? ...सोडून? वा. पडली तर उचलू नको लगेच. ...हं. ठेवतो.

वहिनी: काय म्हणाला?

थोरला: म्हणाला, दादा, तुझ्याशिवाय वर करमायचं नाही. गाढव आहे. वर काय करमायला जातात?

धाकटा: साहेबाला मी...

थोरला: तू काही करू नकोस. साहेबाला मी सकाळी समोर उभा राहून सांगतो. मी हो म्हणालो होतो, नाही पण मीच म्हणेन.

वहिनी: घरी चला मग आता.

थोरला: घरी जाऊन काय करू?

वहिनी: बसू. काही नको करायला.

थोरला: भिंत बघू?

वहिनी: बघा. मीही बसेन शेजारी. दोघं मिळून बघू.

थोरला: तुला काय दिसणार तिथं?

वहिनी: तुम्हाला जे दिसतं ते. मला कधी सांगितलंच नाहीत काय दिसतं ते.

थोरला: टॉवर दिसतो. दुसरं काय. खालून दिसतो, आजकाल. आधी कधी खालून बघितलाच नव्हता.

धाकटा: पाणी आणू का?

थोरला: नको. ती जड लाल तुझ्याकडेच ठेव. खणात नको. वर, निळीच्या शेजारी लाव. दिसू दे.

धाकटा: लावतो.

थोरला: आणि ती खोटी टाकीपलीकडून उचलून आण नंतर. पण मला नको ती. तोडून टाक.

धाकटा: बरं.

थोरला: तुझं दुकान किती वाजता बंद होतं?

धाकटा: का रे?

थोरला: दुकानदाराला का असं विचारत नाहीत. आहे का उघडं?

धाकटा: आहे.

थोरला: मग चल आत. गल्ल्यामागे उभा राहा. हं. आता मी दारातून आलो. तू मला ओळखत नाहीस. सगळ्यांना विचारतोस तसं विचार.

वहिनी: अहो, आज नको. दमलात तुम्ही.

थोरला: आजच. उद्या मला अक्कल येईल आणि मी पुन्हा खोटं बोलेन. विचार रे.

धाकटा: दादा, मला नाही जमणार.

थोरला: त्या पहिलवानाला सांगताना जमलं. मी त्याच्याहून काय जास्त दणकट आहे? विचार.

धाकटा: ...या. बसा. किती दिवस खेळताय?

थोरला: खूप खेळलो. पण ते धरू नका. ह्या हातानं आज पहिलाच दिवस.

धाकटा: किती लांब जाते?

थोरला: अलीकडच्या बाकापर्यंत. डावीकडे पडते.

धाकटा: कुठं दुखतं का? साहेब, सगळ्यांनाच विचारतो. डिस्क त्यावर ठरते.

थोरला: दुखतं.

वहिनी: काय?

थोरला: खांद्यापासून कोपरापर्यंत. टाकताना कमी, नंतर जास्त. रात्री त्या कुशीवर वळता येत नाही. शर्टाचं वरचं बटण लावताना दात आवळावे लागतात.

वहिनी: मी रोज विचारत होते तुम्हाला. रोज.

थोरला: तू विचारायचीस, तेव्हा मला उद्या वर जायचं असायचं.

धाकटा: बरं. मग जड चालणार नाही. वेगाचीही नको. ही बघा, पहिला आकडा लहान आहे, कड पातळ आहे, बोटांना ताण येत नाही. कमी जोरातही तरंगते. मागे एकदा दाखवली होती एका गिऱ्हाइकाला. त्यानं माझ्या अंगावर फेकली.

थोरला: राखाडी.

धाकटा: राखाडी. हिनं टाकी गाठली जाणार नाही. आधीच सांगतो.

थोरला: बाकापर्यंत?

धाकटा: बाकाच्या थोडी पुढे. सरळ जाईल पण.

थोरला: हातात दे बघू.

धाकटा: घ्या. दुखऱ्या उजव्यात नको, आधी डाव्यात धरा. कशी वाटते?

थोरला: हलकी आहे.

धाकटा: हलकीच आहे.

थोरला: हीच दे.